उजवं चाक दादांचं

दादांनी सगळा जन्म गोदीत काढला. जहाज पाण्याबाहेर ओढलं की त्याच्या पोटाखाली उभं राहायचं, गंज तासायचा, तारेच्या ब्रशने घासायचा, लाल प्रायमर लावायचा, वर रंग द्यायचा, आणि तो वाळतोय तोवर पुढचं जहाज दारात हजर. समुद्राशी कुणी जिंकत नाही हे तिथल्या साऱ्यांनी कधीच मान्य केलं होतं. दादांनी केलं नव्हतं. निवृत्त होऊन ते धाकट्या भावाकडे शेतावर राहायला आले तेव्हा सामानात एक ट्रंक कपड्यांची होती आणि एक नुसती ब्रशांची.

आल्या आल्या त्यांनी फाटक रंगवलं. मग पंपाचा दांडा, बादल्यांच्या कड्या, खाटांचे पाय, ढकलगाडी. घरात लोखंडाचं जे जे होतं ते आळीपाळीने ओलं असायचं. दादांच्या बायकोला धाकटा वहिनी म्हणायचा आणि त्याचं ऐकून शेजारपाजारही वहिनीच म्हणू लागला होता. त्या वहिनींना कुठेही टेकण्याआधी बोट लावून बघायची सवय लागली. दादांच्या माघारी लोक त्यांना ‘गंजोबा’ म्हणत. हे कानावर आलं तेव्हा दादा जराही रागावले नाहीत. उलट, कामाची दखल घेतली जातेय म्हणून मनातून सुखावलेच.

धाकटा वेगळ्या मातीचा. ‘चालतंय ना? मग चालू दे’ एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. त्याने लग्न केलं नाही त्यामागेही काही मोठं दुःख वगैरे नव्हतं. एकट्याचं चालत होतं, त्याने चालू दिलं.

ट्रॅक्टर दोघांचा होता. दादा येण्यापूर्वीच दोघांनी मिळून घेतलेला. दिसायला दणकट, पण टेकडीच्या उतारावरच्या तुकड्यात नांगर खोल गेला की मागची चाकं जागच्या जागी फिरायची आणि धाकटा वर बसून नुसती माती उडवायचा. तेव्हा दोघे भाऊ वळणावरच्या टायरच्या दुकानात गेले.

ते दुकान एक बाई चालवायची. बापाचा धंदा तिने हातात घेतला होता. हातात पहार, कानामागे खडू आणि तोंडाचा पट्टा कायम सुरू. सगळे तिला टायरवाली म्हणत. तिने ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली.

“मागची चाकं हलकी पडतायत. टायरमध्ये पाणी भरू. पण साधं नको, क्षार विरघळवलेलं. जास्त जड असतं आणि थंडीत गोठत नाही.”

“क्षार म्हणजे?” दादांनी सावध होऊन विचारलं.

“मिठाचाच चुलतभाऊ, काका.”

दादा एक पाऊल मागे सरकले. “अगं पोरी, खारं पाणी लोखंडापासून लांब ठेवता ठेवता माझे केस पांढरे झाले. आणि तू ते चाकात भरून वर झाकण लावणार?”

“लांब ठेवता येत नसेल तर पुरतं बुडवायचं,” टायरवाली म्हणाली. “गंजाला पाणी लागतं तशी हवाही लागते. रिम पूर्ण पाण्याखाली राहिली तर तिला फारसं काही होत नाही. अर्धवट भरलं की मात्र वाट लागते. म्हणून व्हॉल्व्ह वर आणायचा आणि तिथपर्यंत भरायचं. आत ट्यूब घातली तर उत्तमच, पाणी रिमला शिवणारच नाही. पण या मापाच्या ट्यूब आत्ता माझ्याकडे नाहीत. बिटाचा पाकही मिळतो, जड असतो आणि गंजवत नाही. तो मागवावा लागेल.”

“ट्रॅक्टरला सरबत पाजायचं?” धाकटा हसायला लागला.

“कधीपर्यंत येईल?” दादांनी गंभीरपणे विचारलं.

“तोवर पेरणी उरकेल, दादा. क्षारच भरू दे तिला.”

“मग माझं एवढं ऐका,” टायरवालीने खडूने टायरवर खूण केली. “भरायचं, बंद करायचं, विसरून जायचं. कुठून थेंब गळताना दिसला तर मात्र त्याच दिवशी माझ्याकडे आणायचं. पंक्चर काढायचं, रिम गोड्या पाण्याने धुवायची, पाणी पुन्हा वरपर्यंत. बस्स.”

दादांना यातलं सगळं पटलं, फक्त विसरून जायचं तेवढं सोडून.

त्या रात्रीच्या जेवणाला घरात दोन सभा एकदम भरल्या. दादा म्हणत होते, चाकं दर आठवड्याला तपासली पाहिजेत. धाकटा म्हणत होता, बंद केलेली वस्तू बंदच राहू द्यावी. दादांनी गोदीतल्या फुटलेल्या तळांची उदाहरणं दिली. धाकट्याने विचारलं, आपला ट्रॅक्टर नेमका कुठल्या समुद्रात सोडायचाय? ताटातलं निवून गेलं. शेवटी वहिनींनी भाजीचं पातेलं जरा जोरातच खाली ठेवलं.

“अहो, चाकं दोन आहेत ना? मग भांडता कशाला? उजवं चाक तुमचं, डावं भाऊजींचं. ज्याने त्याने आपापलं सांभाळा. आता जेवा.”

निवाडा इतका सोपा होता की दोघांनीही ताटं पुढे ओढली. अशा रीतीने एकाच ट्रॅक्टरच्या दोन चाकांची वाटणी झाली.

दादांनी उजवं चाक तळहाताच्या फोडासारखं जपलं. दर रविवारी चहा झाला की ते शेडमध्ये जात. ट्रॅक्टर थोडा पुढेमागे करून व्हॉल्व्ह खालच्या बाजूला आणत, पिन सैल करत आणि काचेची मोठी बरणी भरून पाणी काढून घेत. ते उजेडात धरत, हलवत, वास घेत, बोटांत चोळून बघत. तांबूस छटा दिसली तर कपाळाला आठी, नाही दिसली तर संशय. मग बरणी शेडच्या भिंतीपलीकडे रिकामी करत, पिन पुन्हा आवळत, पंपाने हवा भरून दाबाचा काटा जागेवर आणत आणि व्हॉल्व्हभोवती राहिलेला ओलावा फडक्याने टिपून घेत. रिम बाहेरून तर त्यांनी अशी रंगवली की वहिनी जाता येता तिच्यात बघून केस सारखे करत.

डावं चाक बिचारं मातीने माखलेलं. धाकट्याने त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. दादा कधीमधी त्याच्यापाशी थांबत, मान हलवत आणि बाहेर चिकटलेली माती नखाने खरवडत. पण वाटणी म्हणजे वाटणी. ते पुढे काही करत नसत. बोलत मात्र. “अरे, आतून पोखरतंय ते. बघत राहा तू. थेंब गळाला तर त्याच दिवशी ने, तिने सांगितलंय.” सकाळी, दुपारी, जेवताना, शेतावर. धाकट्याच्या कानीकपाळी ते इतकं ओरडले की तो पाण्याचा पेला हातात घेतला तरी आधी खालून गळतो का ते बघायला लागला.

एकदा डाव्या टायरमध्ये खिळा घुसला. धाकटा नांगरत होता. मागे वळून बघतो तर टायरवरून ओली रेघ उतरलेली. नेहमीसारखं असतं तर त्याने तेवढा तुकडा संपवला असता, मग उद्याचं उद्या. पण त्याच्या डोक्यात दादांचा आवाज सुरू झाला आणि काही केल्या बंद होईना. वैतागून त्याने नांगर तिथेच सोडला आणि ट्रॅक्टर थेट दुकानात नेला. टायरवालीने पंक्चर काढलं, रिम धुतली, पाणी वरपर्यंत भरून दिलं.

“उजवंही बघून देते ना,” ती म्हणाली.

“नको बाई. ते दादाचं आहे. तू हात लावलास तर तो मला घराबाहेर काढेल.”

हे घरी कळल्यावर दादांना बरं वाटलं. आपल्या चाकाला परक्याचा हात लागला नाही याचं जास्त, आणि धाकट्याचं चाक गळलं याचं थोडंसं. ‘निष्काळजीपणाची सुरुवात अशीच होते,’ ते वहिनींना म्हणाले. वहिनींचं लक्ष नव्हतं. शेडच्या भिंतीपलीकडे त्यांनी लावलेली फुलझाडं एकामागून एक वाळत चालली होती आणि त्यावरून त्यांनी शेजारणीशी बोलणं सोडलं होतं, कारण शेजारणीची शेळी मोकाट असायची.

पुढच्या नांगरणीला धाकट्याला काहीतरी खटकलं. “दादा, उजवं चाक जरा हलकं पडतंय का रे? उतारावर तेच आधी घसरतं.”

“मनाचे खेळ,” दादा म्हणाले. “त्याच्यात काय आहे ते मी दर रविवारी डोळ्यांनी बघतो.”

“तरी कुठेतरी पाणी मुरतंय.”

“पाणी बरणीत आहे आणि बरणी माझ्या हातात आहे. तू आपलं चाक बघ.”

आणखी एक हंगाम गेला, टायर झिजून गुळगुळीत झाले आणि नवे घालायची वेळ आली. दादा या दिवसाची वाटच बघत होते. टायर उतरले की दोन्ही रिम उघड्या पडणार होत्या, शेजारी शेजारी, सगळ्यांसमोर. त्यांनी धुवट शर्ट घातला. वहिनींनाही चला म्हणाले.

“टायर बदलायला मी कशाला?”

“अगं, बघण्यासारखं आहे.”

दुकानात आणखी दोघेतिघे आपापली चाकं घेऊन थांबले होते. दादांनी त्यांनाही जवळ बोलावून घेतलं, लोखंड आणि क्षार यांच्या वैराबद्दल थोडं सांगितलं आणि डाव्या चाकाकडे सहानुभूतीने बघितलं. “धाकटा आहे, त्याला कुणी नावं ठेवू नका,” एवढंही म्हणाले.

टायरवालीने आधी डावं चाक घेतलं. पाणी काढून पिंपात साठवलं, पहार घालून टायरची कड सोडवली, टायर ओढून काढला. आतली रिम काळपट, ओली, इथेतिथे कारखान्याचा रंग जरा उडालेला. खिळ्याच्या बाजूला दोन तांबूस ठिपके. तिने त्यावरून अंगठा फिरवला. “छान आहे. धुऊन परत लावते.”

“तपासलंस नीट?” दादांनी विचारलं.

“काका, छान आहे.”

“बरं. नशीब एकेकाचं,” दादा म्हणाले. “आता उजवं.”

उजव्या चाकातून पाणी निघायला लागलं आणि लगेचच थांबलं. टायरवालीने दादांकडे बघितलं, मग पिंपाकडे. तिने कड सोडवली, टायर ओढला आणि टायरबरोबर तपकिरी पापुद्र्यांचा ढीग खळखळ करत फरशीवर पडला.

बाहेरून आरशासारखी रिम आतून वाळवी लागलेल्या लाकडासारखी झाली होती. रंगाचा पत्ता नव्हता. व्हॉल्व्हचं भोक कडेने खाल्लं जाऊन वेडंवाकडं झालं होतं. टायरवालीने स्क्रू-ड्रायव्हरचं टोक एका जागी नुसतं टेकवलं, तर ते पलीकडे दादांनी लावलेल्या चकचकीत रंगातून बाहेर आलं.

कुणी हसलं नाही. थांबलेल्यांपैकी एकजण खोकला आणि आपलं चाक बघायला गेला.

दादा खाली वाकले. सबंध रिमच्या कडेने गंजाचा एक जाड पट्टा गेला होता. हा पट्टा ते ओळखत होते. जन्मभर जहाजांच्या अंगावर त्यांनी तोच तासला होता. जहाज कायम पाण्यात असतं तो तळाचा भाग बरा राहतो, वरचा कोरडा भागही बरा राहतो, आणि जिथे पाणी लागतं, उतरतं, हवा लागते, पुन्हा पाणी लागतं, तिथे लोखंड सडतं. हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. नव्या पोरांना ते स्वतः शिकवत आले होते. फक्त इथे त्यांनी समुद्र एवढासा करून चाकात भरला होता आणि त्याला ओहोटी लावण्याचं काम दर रविवारी स्वतःच्या हाताने केलं होतं.

“काका, एवढं पाणी गेलं कुठे?” टायरवालीने विचारलं. आवाज मऊ ठेवायची तिला सवय नव्हती, पण तिने ठेवला.

“तपासायला काढत होतो.”

“आणि तपासून?”

“टाकत होतो.”

“आत परत?”

दादांनी नकारार्थी मान हलवली. “शेडच्या मागे. भिंतीपलीकडे.”

“तरीच!” वहिनी एकदम ओरडल्या. “अहो, माझी फुलझाडं! आणि मी त्या बिचारीच्या शेळीवर आळ घेतला!”

आता मात्र थांबलेल्यांना हसू आवरेना. दादा उठले आणि बाहेर जाऊन जुन्या टायरांच्या चळतीवर बसले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. धाकटा आता येईल आणि काय बोलेल, याची त्यांनी मनात तयारी सुरू केली. त्याच्या जागी ते असते तर काय बोलले असते, हे त्यांना चांगलं माहीत होतं, आणि तेच ऐकायची त्यांची हिंमत नव्हती.

धाकटा आला आणि शेजारच्या चळतीवर बसला.

“दादा, तो खिळा घुसला होता ना, त्या दिवशी मी येणारच नव्हतो इथे.”

“मग?”

“तुझा आवाज डोक्यात. थेंब गळाला तर त्याच दिवशी. त्याच दिवशी. वैताग आला नुसता. म्हणून आलो. तसाच चालवत राहिलो असतो, तर माझंही असंच झालं असतं, ती म्हणते.”

दादांनी त्याच्याकडे बघितलं. चेष्टा करतोय का ते कळेना. पण धाकट्याला चेष्टा करताना सरळ चेहरा ठेवता येत नसे, आणि आत्ता चेहरा सरळ होता.

“म्हणजे तुझं चाक माझ्यामुळे वाचलं,” दादा सावकाश म्हणाले.

“हो.”

“आणि माझं माझ्यामुळे गेलं.”

“तेही हो,” धाकटा म्हणाला.

यावर रागवावं की हसावं हे दादांना ठरवता आलं नाही. खरं तर कुणी त्यांना सरळ दोष दिला असता तर बरं वाटलं असतं. तो परतवता आला असता. हे असं अर्धं श्रेय आणि पुरता दोष एकाच वाक्यात मिळाल्यावर माणसाने करायचं काय? त्यांनी खिशातून फडकं काढलं आणि उगाच हात पुसले.

आत टायरवाली गोदामातून नवी रिम घेऊन आली. ती रिम बघताच दादांचे पाय आपोआप आत वळले. त्यांनी नख मारलं. नखाखाली रंगाचा पापुद्रा आला.

“हा रंग नुसता दाखवण्यापुरता आहे,” ते म्हणाले. “खाली प्रायमरच नाही.”

“येतो तसाच बसवतो आम्ही.”

“मला आज दे. खरवडून, प्रायमर लावून, वर दोन हात देतो. आतल्या बाजूनेच. वाळली की बसव.”

टायरवालीने धाकट्याकडे बघितलं. धाकट्याने खांदे उडवले. “करू दे. चाक त्याचं आहे.”

दादांनी घरून ब्रशांची ट्रंक आणवली आणि दुकानाच्या मागच्या अंगणात रिम आडवी टाकली. टायरवाली एका गिऱ्हाइकाचं काम करता करता अधूनमधून डोकावत होती. खरवडताना दादा कोपरेही सोडत नव्हते, आणि व्हॉल्व्हच्या भोकाची आतली कडसुद्धा त्यांनी बारक्या ब्रशने भरून घेतली. रंग कुठे ओघळला नाही, कुठे पातळ पडला नाही. तोंडाचा पट्टा तिने तेवढा वेळ बंद ठेवला. या वेळी तिच्याकडे मापाच्या ट्यूबही आल्या होत्या. रंग वाळल्यावर तिने दोन्ही चाकांत ट्यूब घातल्या, दोन्ही वरपर्यंत भरल्या, पिना आवळल्या आणि टोप्या बसवल्या.

घरी वहिनींनी निवाडा बदलला. दोन्ही चाकं भाऊजींची. दादांनी अपील केलं नाही. दुसऱ्या दिवशी वहिनी शेजारणीकडे गेल्या आणि बऱ्याच वेळाने परत आल्या. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही, पण शेळीला घालायला रोज या घरचा पाला न्यायचा असं ठरलं एवढं मात्र कळलं.

चारदोन दिवसांनी टायरवालीचा निरोप आला. तिच्याकडे रिम रंगवायला माणूस नव्हता आणि जास्त ताकदीचे ट्रॅक्टर यायला लागल्यापासून पाणी भरून घेणारे वाढले होते. सकाळचा वेळ काका देतील का? दादांनी विचार करतो असं कळवलं आणि निरोप्या फाटकाबाहेर पडायच्या आत शर्ट घालून तयार झाले.

“एकच अट आहे,” टायरवालीने त्यांना दारातच सांगितलं. “टायर चढला, पाणी भरलं, की ते चाक तुमचं नाही.”

“आणि काही बिघडलं तर?”

“गिऱ्हाईक सांगेल. तुम्ही नाही उघडायचं.”

अट सोपी होती आणि दादांनी ती मान्यही केली. पण आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना असं काम मिळालं होतं की ते मन लावून संपवावं आणि संपताच ते कायमचं झाकलं जावं. जहाज निदान दोन वर्षांनी परत यायचं. बरं वाईट दिसायचं. गंजाशी पुन्हा गाठ पडायची. इथे मनासारखी उतरलेली रिम बघता बघता रबराखाली जायची. रंगवताना ते आता जास्तच वेळ लावायला लागले. टायरवाली ओरडायची, गिऱ्हाईक खोळंबायचं, आणि दादा म्हणायचे, “थांब गं, अजून दिसतंय तोवर बघून घेऊ दे.”

धाकट्याचं बरं चाललं होतं. उतारावर ट्रॅक्टर दोन्ही चाकांनी सारखा चढायचा. चाकांकडे तो बघत नसे. जेवताना दादा त्याला कधीच काही विचारत नसत, फक्त भाजी वाढून घेता घेता एकदा शेडकडे नजर टाकत आणि घास खाली जाईपर्यंत तिथेच ठेवत.

एका सकाळी दुकानात एक ओळखीचा ट्रॅक्टर आला. त्याच्या रिम दादांनी मागच्या हंगामात रंगवल्या होत्या. मालक पुढच्या चाकाच्या पंक्चरसाठी आला होता. दादा मागच्या चाकाभोवती फिरले. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. व्हॉल्व्हपाशी थांबले, खाली बसले, कान जवळ नेला.

“कसं आहे चाक?” त्यांनी मालकाला विचारलं.

“चालतंय,” मालक म्हणाला.

“म्हणजे चांगलं चालतंय?”

“चालतंय म्हणजे चालतंय हो.”

दादांनी सुस्कारा सोडला. तेवढ्यात आतून टायरवालीचा आवाज आला, “काका! हात कुठे आहेत?”

“पाठीमागे,” दादा म्हणाले, आणि मग खरोखरच त्यांनी ते पाठीमागे नेले.